गोलंदाज कुणाचा? – खेळाडूंच्या अदलाबदलीमागचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने क्रिकेटमधल्या खरेदी-विक्रीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण नोव्हेंबर महिन्यात घोडबंदर रोडवर एकदा बसने जाऊन बघा. कापूरबावडीला बस अडकली की लोक फोन काढतात आणि सुरू होतं: अमका मुंबईकडे येतोय, तमक्याला सोडला, त्याच्या बदल्यात दोघं देणार. मग कुणीतरी विचारतं, "हे तुला कुणी सांगितलं?" आणि दुसरा कुणीतरी म्हणतो, "जाऊ दे रे, तो आपला होताच कधी?" मला हे दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिला ज्ञानाचा आहे: ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास कधी ठेवायचा? दुसरा आपलेपणाचा आहे: एखादा खेळाडू एखाद्या संघाचा असतो, म्हणजे नेमकं काय असतं? दोन्ही प्रश्न जुने आहेत. त्यांतल्या दुसऱ्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी आपल्याच मुलखात घडला आहे.

आधी एका शब्दाबद्दल बोलू. आपण म्हणतो, खेळाडूंचा लिलाव झाला. हा लिलाव शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. आपण ज्या रस्त्याच्या नावाने ओळखले जातो, त्या घोडबंदरला खाडीच्या काठावर पोर्तुगिजांचा किल्ला होता. वसईच्या मोहिमेच्या काळात तो मराठ्यांकडे आला. त्या बंदरात घोडे उतरत, त्यांचा व्यापार चाले, म्हणून ते घोडबंदर, असं सांगितलं जातं. घोडा विकत घेताना त्याचे दात बघतात, पाय बघतात, चालवून बघतात. घोड्याला कुणी विचारत नाही. आज मी जे सांगणार आहे त्याचा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर आहे. विचारणं. माणसाला विचारलं गेलं की नाही, या एका कसोटीवर आपण हा इतिहास तपासू.

मी तीन गोलंदाज घेतले आहेत. तिघंही डावखुरे फिरकी गोलंदाज. पहिले पालवणकर बाळू, दुसरे विनू मांकड, तिसरा रवींद्र जडेजा. मध्ये थोडा वेळ अमेरिकेत जाऊन येऊ, कारण तिकडच्या बेसबॉलमध्ये हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

बाळूंच्या काळात मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावर ठरत. पारशी आणि युरोपियन यांचे सामने आधीपासून होते. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' असा पाचवा संघ आला. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद पडली. त्या व्यवस्थेत अदलाबदलीचा प्रश्नच नव्हता. तुम्ही ज्या घरात जन्मला, तो तुमचा संघ. आजच्या भाषेत सांगायचं तर करार जन्माच्या वेळीच झालेला असे, आणि त्यावर सही करणारे तुम्ही नसायचात.

बाळू जन्मले १८७६ मध्ये, चर्मकार कुटुंबात. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचं काम. तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हातात मिळायची नाही. या सरावातून देशातला त्या काळचा बहुधा सर्वांत चांगला गोलंदाज तयार झाला. मग पुण्यातल्या हिंदू खेळाडूंपुढे पेच पडला. युरोपियनांना हरवायचं तर हा माणूस हवा. पण तो संघात आला तर त्याच्याबरोबर चहा कसा प्यायचा? तोडगा असा निघाला की मैदानावर तो आपल्यातला, आणि चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. म्हणजे गोलंदाज हवा होता, माणूस नको होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर संघाची पुरती वाताहत झाली, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्या काळातही वाद झडत, वर्तमानपत्रांना पत्रं जात, मैदानाच्या कडेला लोक हमरीतुमरीवर येत. आज आपण "याला का घेतलं नाही" म्हणून भांडतो, तसंच. फरक इतकाच की तेव्हाच्या भांडणात जात उघडपणे बोलली जात होती. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं, कर्णधारपद दुसऱ्याकडे गेलं, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. शेवटी तडजोड झाली, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

पालवणकर बंधूंना संघ बदलता येत नव्हता. जायला दुसरी जागाच नव्हती. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, 'आम्ही खेळत नाही' असं म्हणणं. ती त्यांनी वापरली आणि तिचा परिणाम झाला.

आता दुसरे गोलंदाज. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला, संघ धर्माऐवजी प्रांतांचे झाले. पण प्रांताचा म्हणजे कुणाचा? संस्थानिकांनी याचं उत्तर आपल्या परीने दिलं. होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला नेलं, बडोद्याने सांगलीच्या विजय हजाऱ्यांना नोकरी दिली. खेळाडू राजाच्या पदरी राहायचा. विनू मांकड जामनगरचे. ते वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा सात संघांकडून रणजी खेळले. आजच्या कुठल्याही भटक्या खेळाडूला मागे टाकतील अशी ही यादी आहे. तेव्हा कुणी त्यांना विकलं नव्हतं. पोटासाठी जिथे काम, तिथे खेळ. मुंबईत पुढे बँका, गिरण्या, कारखाने यांनी राजांची जागा घेतली. टाइम्स शील्डमध्ये नोकरी देणाऱ्या कचेरीकडून खेळायचं, त्यामुळे खेळाडूने नोकरी बदलली की संघ बदलायचा.

पण मांकडांची खरी गोष्ट १९५२ ची आहे. भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. मांकडांना लँकशायरमधल्या हॅस्लिंग्डन क्लबाने व्यावसायिक खेळाडू म्हणून करार देऊ केला. ते क्रिकेट मंडळाला म्हणाले, माझी निवड नक्की असेल तर मी करार सोडतो. मंडळाने हमी द्यायला नकार दिला. त्यांनी करारावर सही केली. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार बळी गेले, आणि मंडळाला मांकड आठवले. हॅस्लिंग्डनकडे बोलणी करून त्यांना उरलेल्या कसोट्यांसाठी सोडवून आणलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि पहिल्या डावात ७३ षटकं टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. भारत आठ गड्यांनी हरला, पण तो सामना आजही मांकडांच्या नावाने ओळखला जातो.

त्या वेळी टीका झाली ती मांकडांवर: देशापेक्षा पैसा मोठा का? माझं म्हणणं असं की, हा प्रश्न मंडळाला विचारायला हवा होता. ज्या माणसाला उद्याचा भरवसा द्यायला तुम्ही तयार नाही, त्याच्याकडून निष्ठेची हमी कशी मागता? निष्ठा एकतर्फी मागितली की तिचं नाव वेठ होतं. आजही एखादा गोलंदाज संघ सोडून गेला की आपण त्याला गद्दार म्हणतो. आणि संघाने त्याला सोडलं की? त्याला आपण 'संघबांधणी' म्हणतो.

आता अमेरिकेत जाऊ. तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं न्यू जर्सीला, बॉस्टनला आहेत. त्यांना हे ओळखीचं असेल. बेसबॉलमध्ये जो सुरुवातीला चेंडू टाकायला उतरतो त्याला स्टार्टिंग पिचर म्हणतात. असे साधारण पाच जण संघात असतात, आळीपाळीने उतरतात. एकाने शंभरेक चेंडू टाकले की पुढचे चार-पाच दिवस त्याची विश्रांती. मोसम १६२ सामन्यांचा. त्यामुळे दोन चांगले पिचर असले की संघ तरतो आणि एकाचा खांदा गेला की बुडतो. म्हणून तिथल्या चर्चा बहुतेक पिचरभोवती फिरतात. थंडीत सामने नसताना शेगडीभोवती बसून 'कोण कुठे जाणार' हे बोलायचं, याला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, 'हॉट स्टोव्ह'. बॉस्टनने डिसेंबर १९१९ मध्ये बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला एक लाख डॉलरला विकला. हा रूथ आधी नावाजलेला पिचर होता. १९१८ मध्ये जिंकलेलं अजिंक्यपद बॉस्टनला पुन्हा २००४ मध्ये मिळालं. मधली ८६ वर्षं लोक त्या एका सौद्याला शिव्या घालत होते.

पण या गप्पांच्या खाली एक कलम होतं. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा क्लबाचा हक्क संपत नसे. क्लब त्याला ठेवेल, विकेल किंवा बदली देईल. त्याने दुसरीकडे जायचं म्हटलं तर दरवाजे बंद. १९६९ मध्ये सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा मोसम तो तिथे खेळला होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की, मी काही खरेदी-विक्रीचा माल नाही. त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता, त्यामुळे लोक हसले: एवढा पैसा मिळतो आणि गुलामीची भाषा करतो! त्याने १९७० चा मोसम सोडला आणि खटला लढवला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला.

ते कलम शेवटी मोडलं ते दोन पिचरांनी. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी १९७५ मध्ये नव्या करारावर सहीच केली नाही. मॅकनॅली तर मोसमाच्या मध्येच निवृत्त झाला होता. निकालातून त्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं. सही करण्यासाठी त्याला पैसे देऊ केले गेले, ते त्याने घेतले नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की करार संपला की खेळाडू मोकळा. फ्लडला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही, त्याची कारकीर्द तोवर संपली होती.

इथे कांटची आठवण येते. कांटचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, किंमत असलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी ठेवता येते, माणसाच्या जागी नाही. मग खेळाडूंचा लिलाव अनैतिकच म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. बोली लागते ती त्याच्या काही मोसमांच्या कामावर, आणि लिलावात नाव तो स्वतः नोंदवतो. बाळूंना चार रुपये देऊन चहाला बाहेर बसवणारी व्यवस्था माणसाचा जितका अपमान करत होती, तितका कोट्यवधींची बोली करत नाही. अपमान पैशाच्या आकड्यात नसतो. तो न विचारण्यात असतो. फ्लडचे ९० हजार डॉलर आणि बाळूंचे चार रुपये या बाबतीत एकाच बाजूला पडतात.

आता तिसरा गोलंदाज. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत झाला. पुढच्याच वर्षी अदलाबदल सुरू झाली: श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईत आला, रॉबिन उथप्पा तिकडे गेला, आशिष नेहरा दिल्लीला गेला, शिखर धवन मुंबईत आला. जडेजा पहिले दोन मोसम राजस्थानकडून खेळला. मग त्याने करार वाढवला नाही आणि परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करू पाहिली, म्हणून २०१० च्या मोसमात त्याच्यावर बंदी आली. संघांनी आपसात बोलणं हा व्यवहार. खेळाडूने स्वतः बोलणं हा गुन्हा. नियम मोडला हे खरं, पण नियम कुणाच्या सोयीचा होता तेही बघा.

याच जडेजाची २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईहून राजस्थानला अदलाबदल झाली. संजू सॅमसन चेन्नईला गेला, जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटी झाली. आता नियमानुसार खेळाडूची संमती लागते. म्हणजे जिथून त्याने सुरुवात केली, तिथे तो पंधरा-सोळा वर्षांनी परत गेला, आणि या वेळी कागदावर त्याचा होकार होता. बाळूंपासून इथपर्यंत आलो, ही प्रगती आहे. ती पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. संघ तुम्हाला नको म्हणतो आहे हे कळल्यावर दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या भागात येऊ. शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१४ पर्यंत पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. किटबॅग खांद्यावर घेऊन लोकलने मुंबईला जाणारा हा पोरगा. पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, पुन्हा चेन्नई, लखनौ, आणि आता मुंबई. २०२२ मध्ये त्याच्यावर १० कोटी ७५ लाखांची बोली लागली. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. नंतर लखनौने दुखापत झालेल्या गोलंदाजाच्या जागी दोन कोटींत घेतलं. तुषार देशपांडे कल्याणचा. २०२२ मध्ये चेन्नईने २० लाखांत घेतला. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात तो आयपीएलमधला पहिला 'इम्पॅक्ट प्लेअर' ठरला आणि त्या दिवशी त्याला भरपूर मार पडला. त्याच मोसमात त्याने २१ बळी घेतले आणि चेन्नई जिंकली. पुढच्या मोठ्या लिलावात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना घेतलं.

वेगवान गोलंदाजांचे भाव असे का हलतात? कारण त्यांचं भांडवल म्हणजे पाठ, घोटा आणि खांदा. बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली, तो आख्खा आयपीएल मोसम हुकला. बेसबॉलमध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून बसवला. त्यानंतर तो १९८९ पर्यंत खेळला, आणि ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. गोलंदाजाबद्दलची अफवा म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या शरीराबद्दलची अफवा असते. 'पाठ गेली म्हणे', 'वेग कमी झालाय म्हणे'. हे 'म्हणे' कुणाच्या तरी चुलीवर पाणी ओततं. 'म्हणे' पसरलं की बोली खाली येते, आणि एखाद्या घराचं वर्षाचं गणित बिघडतं.

म्हणून पहिल्या प्रश्नाकडे येतो, "हे तुला कुणी सांगितलं?" आपल्या न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानलं आहे. दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून ज्ञान होऊ शकतं. पण सांगणारा आप्त हवा: त्याला ती गोष्ट ठाऊक असली पाहिजे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. दोन्ही अटी हव्यात. सौद्याच्या बातम्यांत गंमत अशी की, ज्याला ठाऊक असतं त्याचा बहुधा त्यात स्वार्थ असतो, आणि ज्याचा स्वार्थ नसतो त्याला बहुधा ठाऊक नसतं. आणखी एक. अफवा खरी ठरली म्हणजे ती ज्ञान होती असं होत नाही. दहा जणांनी दहा नावं सांगितली तर एक बरोबर येणारच. प्लेटोपासून तत्त्वज्ञ हेच सांगत आले आहेत: बरोबर ठरलेला समज वेगळा आणि आधार असलेलं ज्ञान वेगळं.

शेवटी हार्दिक पंड्याचं उदाहरण घेतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला गुजरातने आपल्याकडे ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव होतं. त्यानंतर काही तासांतच तो मुंबईचा झाल्याचं कळलं. मुंबईने त्याला कर्णधार केलं, रोहित शर्मा बाजूला झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. आपल्यातलेही काही तिथे असतील, मी नावं विचारत नाही. मग २९ जूनला बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच्या हातात आलं, १६ धावा वाचवायच्या होत्या, आणि त्याने त्या वाचवल्या. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

माणूस तोच होता. एप्रिलमध्ये त्याने काय केलं होतं? स्वतःच्या कामाबद्दल एक निर्णय घेतला होता, जो तुमच्या-आमच्या घरातली मुलं दर दोन-तीन वर्षांनी घेतात आणि आपण पेढे वाटतो. आणि जुलैमध्ये जयघोष झाला तो कशाचा? कप मिळाल्याचा. एप्रिलच्या हुर्योबद्दल कुणी काही बोललं नाही. मला बाळूंचा चहा इथे आठवतो. विकेट मिळाली की आपला, नाही तर तंबूच्या बाहेर. त्या काळच्या अस्पृश्यतेची आणि आजच्या हुर्योची बरोबरी मी करत नाही. ती करणं बाळूंवर अन्याय होईल. पण गोलंदाज हवा आणि माणूस नको, ही सवय अजून पुरती गेलेली नाही.

तेव्हा पुढच्या नोव्हेंबरात बसमध्ये वाद घाला, जरूर घाला. अशा वादांनीच पालवणकरांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला होता. फक्त 'कितीला गेला' आणि 'कुठे गेला' याच्या बरोबरीने तिसरा प्रश्नही विचारा: त्याला विचारलं होतं का? कल्याणच्या, ठाण्याच्या मैदानांवर आज सकाळीही दहा-बारा वर्षांची पोरं धावत येऊन चेंडू टाकत होती. त्यांच्यातल्या एखाद्याचं नाव उद्या त्या यादीत येईल, आणि बहुतेकांचं येणार नाही. दोघांशीही आपण कसं बोलणार आहोत, हे आत्ताच ठरवायला हवं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.